बजेटमधला टीव्ही: गेम आणि सिनेमा दोन्हीसाठी पैसे नेमके कशाला मोजावेत

प्रश्न थोडक्यात असा: प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल आहे, टीव्ही एकच घ्यायचा आहे आणि बजेट मर्यादित आहे. बसायची जागा पडद्यापासून सव्वादोन ते अडीच मीटरवर. सिनेमे बहुतेक रात्री, दिवे मंद करून, स्ट्रीमिंगवर. गेम मुख्यतः एकट्याने खेळायचे, मोठ्या कथानकाचे. अधूनमधून मित्र जमले की फुटबॉल. समोर तीन पर्याय आहेत आणि तिन्ही जवळपास एकाच किमतीचे. पहिला ६५ इंची, साधा, ६० हर्ट्झ (म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो). दुसरा ५५ इंची, ६० हर्ट्झ, पण व्हीए जातीचं पॅनेल आणि लोकल डिमिंग (गडद भागामागचा प्रकाश मंद करण्याची सोय) असलेला. तिसराही ५५ इंची, १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ (कन्सोल जोडायचा जास्त क्षमतेचा पोर्ट) असलेला, पण आयपीएस जातीच्या पॅनेलचा आणि डिमिंग नसलेला. यातला कोणता घ्यावा?

माझं उत्तर: दुसरा. थोडं थांबायची तयारी असेल तर चौथा, जो तुमच्या यादीत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. कारणं सविस्तर देतोय, कारण तुमच्या सवयी जराशा वेगळ्या असत्या तर मीच तिसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

लोकांच्या घरी टीव्ही बसवून त्याचं चित्र नीट लावून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. बजेट तोकडं असलं की मी आधी एवढंच बघतो: कोणती गोष्ट नंतर बदलता येईल आणि कोणती टीव्ही भंगारात जाईपर्यंत तशीच राहील. आवाज वाईट असेल तर पुढच्या वर्षी साउंडबार लावता येतो. आतली अ‍ॅप रखडायला लागली तर मागे एक छोटी स्ट्रीमिंग स्टिक खोचली की काम भागतं. सेटिंग, केबल, स्टँड हे सगळं बदलता येतं. पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, त्याचा खरा रिफ्रेश रेट (हर्ट्झमधली गती), पडद्याचा आकार आणि मागचे पोर्ट मात्र जन्मभराचे. म्हणून पैसे या चार गोष्टींत घालायचे. जाहिरातीत मात्र बहुतेक जागा रिमोटवरचा माइक, बारीक कडा, स्पीकरचे वॉट आणि अ‍ॅपची संख्या यांनीच व्यापलेली असते.

आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या किती पट ते, कारण तुमचा निकाल तिथेच लागतो.

बजेटमधले जवळपास सगळे टीव्ही एलसीडी असतात. खोक्यावर एलईडी लिहिलेलं असो वा क्यूएलईडी, मागून एलईडीचा प्रकाश आणि पुढे तो अडवणारा द्रवस्फटिकांचा थर ही रचना तीच असते. काळं दाखवायचं म्हणजे प्रकाश अडवायचा, आणि तो पुरता कधीच अडत नाही. किती निसटतो हे पॅनेलच्या जातीवर ठरतं. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ पासून ६०००:१ पर्यंत. पडद्याचा पांढरा ३०० निटचा (निट हे उजेडाचं माप) धरला तर आयपीएसवरचा काळा ०.३ निटचा होतो आणि ५०००:१ च्या व्हीएवर ०.०६ निटचा. कागदावर दोन्ही आकडे किरकोळ दिसतात, आणि दिवसा खिडकी उघडी असताना दोन्ही काळेच भासतात. रात्री दिवे घालवल्यावर मात्र आयपीएसवरचा काळा धुरकट करडा होतो. गुहेतला प्रसंग धुक्यात घडल्यासारखा दिसतो, पात्राचा काळा कोट मागच्या अंधारात विरून जातो. शिवाय बरेच सिनेमे २.३९:१ या रुंद चौकटीत असतात, म्हणजे १६:९ च्या पडद्याचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग सिनेमाभर काळ्या पट्ट्यांनी व्यापलेला असतो. त्या पट्ट्या करड्या चमकत राहिल्या की डोळा सतत तिकडे जातो.

यावर कोणतंही सेटिंग चालत नाही. ब्राइटनेस उतरवला तर काळा थोडा सुधारतो, पण पांढराही तितकाच उतरतो. गुणोत्तर तेच राहतं.

क्यूएलईडी या शब्दाबद्दल गैरसमज फार आहेत. क्वांटम डॉटचा थर रंग अधिक शुद्ध आणि गडद करतो, एवढंच त्याचं काम. लाल खरा लाल दिसेल, हिरवा खुलेल; काळ्याशी त्याचा काही संबंध नाही. आयपीएस पॅनेलवरही क्यूएलईडी लिहिलेलं असू शकतं आणि रात्री तो तितकाच करडा दिसतो. याउलट डॉट नसलेला व्हीए टीव्ही अंधारात त्याच्यावर मात करेल.

लोकल डिमिंग म्हणजे मागच्या प्रकाशाचे भाग पाडून, जिथे चित्र काळं आहे तिथला प्रकाश कमी किंवा बंद करणं. इथे जरा सावध राहा. प्रकाश पॅनेलच्या पूर्ण मागे पसरलेला असेल, ज्याला फुल अ‍ॅरे म्हणतात, तर डिमिंगला अर्थ आहे. एलईडी फक्त कडेला असतील तर डिमिंगचे रुंद पट्टे पडतात आणि सबटायटल आलं की अख्खा पट्टा उजळतो. फुल अ‍ॅरेमध्येही भाग मोजके असतील तर काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती मोठं प्रकाशवलय दिसतं. त्याला ब्लूमिंग म्हणतात. मिनी-एलईडीमध्ये एलईडी बारीक आणि पुष्कळ असल्याने भाग जास्त पाडता येतात, वलय लहान होतं. पण मिनी-एलईडी लिहिलेल्या प्रत्येक टीव्हीत भाग भरपूर असतातच असं नाही, म्हणून नावावर न जाता झोनची, म्हणजे या भागांची, संख्या शोधा. कंपनी ती लपवत असेल तर बहुधा सांगण्यासारखी नसते. व्हीए पॅनेलचा फायदा असा की भाग थोडे असले तरी पॅनेल स्वतः बराच प्रकाश अडवतं, त्यामुळे वलय फिकं राहतं. थोड्या झोनचं डिमिंग आयपीएसवर मिळत असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

व्हीएची उणीव बाजूने बघण्यात आहे. तिरकं बसलं की रंग फिके पडतात आणि काळा उजळतो. फुटबॉलच्या रात्री सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला हे जाणवेल, पण त्याचं लक्ष चेंडूवर असेल. पाच-सहा माणसं खोलीभर पसरून रोज टीव्ही बघत असतील तर आयपीएसचा विचार करणं रास्त आहे. तुमच्याकडे तसं नाही.

आता एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र. आज प्रत्येक टीव्हीच्या खोक्यावर हे लिहिलेलं असतं आणि बजेटमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की टीव्हीला एचडीआर सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो का, हा निराळा प्रश्न. एचडीआरचे सिनेमे सहसा १००० निटचा, काही ४००० निटचा पडदा गृहीत धरून रंगवलेले असतात. साध्या टीव्हीची धाव २५० ते ३५० निट. मग टीव्हीला सगळी उजळ बाजू दाबून त्या मापात बसवावी लागते, आणि ते नीट जमलं नाही की पूर्ण चित्रच अंधारतं. ‘एचडीआर चालू केलं की सिनेमा काळोखा दिसतो’ ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिचं कारण हेच. एचडीआरची मजा यायला साधारण ६०० निट आणि त्यासोबत कामाचं लोकल डिमिंग लागतं. नुसता उजेड वाढला आणि काळा तसाच राहिला तर काही साधत नाही. तुमच्या तीन पर्यायांत याच्या जवळपास पोहोचू शकेल असा दुसराच आहे.

फॉरमॅटच्या भांडणात फार पडू नका. एचडीआर१० मध्ये उजेडाची माहिती पूर्ण सिनेमासाठी एकदाच दिलेली असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये ती प्रसंगागणिक बदलते, म्हणून कमी निटच्या टीव्हीला त्यांचा थोडा आधार मिळतो. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, त्याऐवजी एचडीआर१०+ असतं. प्लेस्टेशन ५ डॉल्बी व्हिजन देतच नाही, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस देतात. म्हणजे तुमच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन असेल तर सिनेमे टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर बघा, कन्सोलच्या अ‍ॅपवर नको.

एवढं सिनेमाबद्दल. गेमिंगच्या बाजूने लोकांना ज्याची भीती वाटते तो इनपुट लॅग स्वस्त टीव्हीतही आता बऱ्यापैकी सुटलेला आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत टीव्ही जो वेळ खातो तो लॅग. चित्र सुधारणारी सगळी यंत्रणा चालू असताना तो सहज ५० ते १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. गेम मोड लावला की टीव्ही ती यंत्रणा बाजूला ठेवतो आणि ६० हर्ट्झवर लॅग १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. ६० हर्ट्झची एक फ्रेमच (एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे कथानकाच्या गेममध्ये हा उशीर हाताला कळत नाही. एएलएलएम असेल तर कन्सोल चालू होताच गेम मोड आपोआप लागतो. नसेल तर रिमोटवर दोन बटणं दाबायची. त्यासाठी वेगळे पैसे देण्यासारखं त्यात काही नाही.

लॅग आणि रिस्पॉन्स टाइम या दोन गोष्टींची जाहिरातवाले खुशाल गल्लत करतात. रिस्पॉन्स टाइम म्हणजे पिक्सेलला एका छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. व्हीए पॅनेल इथे मार खातं, विशेषतः काळ्याकडून गडद करड्याकडे जाताना. अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की काळसर फरफट उमटते. याचा त्रास कुणाला होतो, कुणाला दिसतही नाही. तुम्हाला होतो का हे दुकानात गडद गेम चालवूनच समजेल.

मग १२० हर्ट्झचं काय? इथे तिसऱ्या पर्यायाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती लोक समजतात त्याहून भक्कम आहे. सर्वसाधारण समज असा की १२० हर्ट्झ फक्त नेमबाजीच्या ऑनलाइन गेमसाठी. पण कन्सोलवरच्या काही संथ, देखण्या गेममध्ये सेकंदाला ४० फ्रेमचा मोड असतो आणि तो १२० हर्ट्झच्या पडद्यावरच मिळतो. ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, १२० ला जातो; प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवली की झालं. ३० फ्रेमवर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० वर १६.७, ४० वर ती २५ ची होते, म्हणजे बरोबर मधोमध. चित्राची श्रीमंती जवळपास ३० च्या मोडची आणि हालचाल बरीच सुटसुटीत. शिवाय व्हीआरआर. गेमची फ्रेम गती खालीवर होते तसा पडदाही आपली गती बदलतो, त्यामुळे चित्र मधूनच फाटत किंवा अडखळत नाही. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ मध्ये मिळाली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात चालते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्यातला ४८ ते ६० एवढाच तुकडा उरतो, म्हणजे जवळपास काहीच नाही.

सिनेमालाही १२० चा उपयोग आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम पाचदा बसते. ६० मध्ये मात्र एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र हलके गचके देतं; त्याला जडर म्हणतात. मात्र बरेच ६० हर्ट्झचे टीव्ही २४ फ्रेमचा सिग्नल मिळाल्यावर पॅनेलची गती जुळवून घेतात, त्यामुळे हा दोष प्रत्येक स्वस्त टीव्हीत असतोच असं नाही. घेण्याआधी तपासता येतं.

हे सगळं असूनही मी दुसरा का सांगतोय? कारण तुमचे गेम मुख्यतः ३० किंवा ६० फ्रेमचे असणार, आणि तुमचा निम्मा वेळ, तोही रात्रीचा, सिनेमात जाणार. गडद गेममध्येही काळा रंग रोज दिसतो. ४० फ्रेमचा मोड मोजक्या गेममध्ये मिळतो. तुम्ही रोज ऑनलाइन नेमबाजी खेळणारे असता, किंवा खोलीत दिवसभर लख्ख उजेड असता, तर आयपीएसचा करडा काळा फारसा खटकला नसता आणि तिसरा योग्य ठरला असता. एक्सबॉक्स किंवा कॉम्प्युटर असता तरी पारडं थोडं तिकडे झुकलं असतं.

१२० हर्ट्झ लिहिलेला प्रत्येक टीव्ही १२० चा नसतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मोशन रेट, क्लिअर मोशन, अमुक-तमुक २४० अशी नावं दिसली की ते कृत्रिम फ्रेम घालून केलेलं गणित समजा. ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ या शब्दांपुढे काय आकडा आहे तेवढाच बघा. तो ५० किंवा ६० असेल तर विषय संपला. अलीकडे डीएलजी नावाची आणखी एक युक्ती आली आहे. ४के ६० हर्ट्झचंच पॅनेल, पण दोन आडव्या ओळी एकत्र चालवून गती दुप्पट करतात. १२० हर्ट्झ खरंच मिळतात, पण उभ्या दिशेचा तपशील अर्धा होतो. फुकट मिळत असेल तर चांगली सोय आहे. खऱ्या १२० चा भाव तिला देऊ नका.

एचडीएमआय २.१ या शिक्क्याचंही तसंच. ही आवृत्ती २०१७ साली जाहीर झाली आणि तिची कमाल क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, आधीच्या २.० ची १८. पण २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. नुसतं एएलएलएम देऊनही पोर्टला २.१ म्हणवून घेता येतं. म्हणून माहितीपत्रकात ‘४के १२०’ आणि ‘व्हीआरआर’ हे शब्द वेगवेगळे शोधा आणि ते किती पोर्टवर आहेत ते बघा. स्वस्त १२० हर्ट्झच्या टीव्हींत असे पोर्ट अनेकदा दोनच असतात आणि त्यातला एक ईआर्कचा असतो, जिथे साउंडबार जोडायचा. एक कन्सोल असेल तर अडचण नाही. दोन असतील तर एकाला साध्या पोर्टवर बसावं लागतं.

आता ६५ इंचीचा मोह. आकाराच्या बाबतीत तुमचं मन चुकीचं सांगत नाहीये. अभियंत्यांच्या एसएमपीटीई संस्थेचा जुना संकेत असा की पडद्याने डोळ्यासमोरचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा. सिनेमागृहांचा दर्जा ठरवणारे टीएचएक्सवाले ४० पर्यंत जातात. ५५ इंचीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, ३० अंशांसाठी सव्वादोन मीटरवर बसावं लागतं. ६५ इंचीसाठी तेच अंतर सुमारे २.७ मीटर. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून ५५ इंची २७ ते ३० अंश भरतो आणि ६५ इंची ३२ ते ३५. सिनेमासाठी ६५ निःसंशय जास्त भारावून टाकतो. तरीही मी त्याला नाही म्हणतो, कारण त्याच पैशात मोठा पडदा देण्यासाठी कंपनीने बाकी सगळं काटलेलं असतं: डिमिंग नाही, उजेड बेताचा, प्रकाश सगळीकडे सारखा पसरत नाही. करडा काळा मोठ्या पडद्यावर आणखी मोठा दिसतो. अर्थात, तुम्ही दिवे लावूनच बघणार असाल आणि आकार हीच तुमची हौस असेल तर ६५ घेतल्याबद्दल कुणी नावं ठेवणार नाही.

सोफा फूटभर पुढे सरकवता येत असेल तर तो फुकटचा आकार आहे. दोन मीटरवरून ५५ इंची जवळपास ३४ अंश व्यापतो. ४के चा फायदाही जवळूनच मिळतो: ५५ इंचीवर निरोगी नजरेला फुल एचडीचे पिक्सेल साधारण सव्वादोन मीटरच्या पलीकडून वेगळे ओळखू येत नाहीत, मग ४के चे कुठून येणार? ८के बद्दल कुणी बोलायला लागलं तर हाच हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

चौथा पर्याय म्हणजे वर्ष-दीड वर्षापूर्वीचा, एक पायरी वरचा टीव्ही: ५५ इंची, व्हीए, फुल अ‍ॅरे डिमिंग आणि खरे १२० हर्ट्झ, सगळं एकत्र. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत घसरते आणि ते आजच्या स्वस्त मॉडेलच्या जवळ येऊन बसतं. टीव्हीच्या दुनियेत एका वर्षात पॅनेल फारसं बदलत नाही, नाव बदलतं. मॉडेल क्रमांक मात्र अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकाच मालिकेत ५५ इंची १२० हर्ट्झचा आणि ५० किंवा ४३ इंची ६० चा, एका मापाला व्हीए तर दुसऱ्याला आयपीएस, हे सर्रास चालतं. ५५ चं परीक्षण वाचून ४३ घेणारे लोक यातच फसतात. शोरूममध्ये लावून ठेवलेला नग घेऊ नका. तो पूर्ण उजेडावर रोज तासन् तास चाललेला असतो.

ओएलईडी या बजेटमध्ये नवा मिळणं अवघड, म्हणून एवढंच: त्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, त्यामुळे काळा खरा काळा आणि रिस्पॉन्स नावापुरता. पण गेममधली नकाशाची चौकट किंवा गुणफलक रोज तासन् तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग पडायचा धोका असतो. वापरलेला ओएलईडी स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. घेतलाच तर आधी पूर्ण लाल आणि पूर्ण करडा पडदा लावून डाग बघा.

दुकानात टीव्ही बघण्यासारखी फसवी जागा नाही. सगळे ‘व्हिविड’ मोडवर, प्रखर दिव्यांखाली, कंपनीने दिलेल्या चकचकीत फुलं-पक्ष्यांच्या क्लिपवर चालू असतात. त्या उजेडात आयपीएस आणि व्हीए यांतला फरक दिसूच शकत नाही. पेनड्राइव्हवर स्वतःच्या तीन क्लिप न्या: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी सबटायटल्स असलेली एक, संथ आडव्या फिरणाऱ्या कॅमेऱ्याची २४ फ्रेमची एक, आणि पूर्ण पडदाभर एकसारख्या करड्या रंगाची एक. मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. काळ्या क्लिपवर दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करून जवळून बघा, मग तिरकं उभं राहून बघा. करड्यावर मळकट पट्टे किंवा ठिपके दिसतात का ते तपासा. फुटबॉलचं मैदान सरकताना हेच डाग सगळ्यात जास्त खुपतात. हा दोष नगागणिक बदलतो, त्यामुळे घरी आलेल्या टीव्हीवरही पहिल्याच दिवशी ही क्लिप लावा, परत करायची मुदत संपायच्या आत.

किरकोळ गोष्टी पटकन. ४के स्ट्रीमिंगला १५ ते २५ मेगाबिट वेग पुरतो. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचाच असतो आणि तोही त्याला भरपूर आहे. केबल नवी घ्यायची गरज नाही, कन्सोलसोबत आलेली पुरते. लांब हवी असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणित लेबल असलेली घ्या, सोनेरी टोकांना भुलू नका. पायांमधलं अंतर टेबलाच्या रुंदीत बसतं का ते आधी मोजा. लॅपटॉप जोडणार असाल तर इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवा. बऱ्याच टीव्हींत त्यानेच रंगीत अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात.

टीव्ही घरी आल्यावर तासभर सेटिंगला द्या, कारण कारखान्यातून ते शोरूमसाठी लावून येतात. सिनेमासाठी फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड, रंगछटा ‘वॉर्म’, शार्पनेस शून्याजवळ, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद, वीजबचत बंद. वॉर्म पहिल्या दिवशी पिवळट वाटेल. आठवडाभर तसंच ठेवा, मग जुनं निळसर वाटायला लागेल. कन्सोलच्या पोर्टसाठी एचडीएमआयचं वाढीव सिग्नलवालं सेटिंग चालू करा. त्याला कुठे ‘एन्हान्स्ड’, कुठे ‘डीप कलर’, कुठे ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, आणि ते बंद असेल तर एचडीआर नीट मिळतच नाही. गेम मोडमध्ये लोकल डिमिंग आपोआप मंद झालं असेल तर ते पुन्हा वाढवून बघा, लॅग सहसा वाढत नाही.

प्लेस्टेशनमध्ये एचडीआर ‘नेहमी चालू’ न ठेवता ‘चालत असेल तेव्हाच’ या पर्यायावर ठेवा, म्हणजे साधे गेम उगाच एचडीआरमध्ये ओढले जात नाहीत. मग ‘अ‍ॅडजस्ट एचडीआर’चे तीन पडदे गेम मोड लावल्यानंतरच जुळवा. आधी जुळवून मग मोड बदलला तर टीव्हीचा उजेडाचा हिशोब बदलतो आणि ते सगळं पुन्हा करावं लागतं. जुळवूनही एखादा गेम अंधारा वाटला तर त्या गेमच्या मेनूतलं एचडीआर बंद करून टाका.